सुवर्णघंटा आणि वसईची घंटा : एक परीक्षण

देवस्थानांच्या माहितीपुस्तिका हें इतिहाससाधन म्हणून कोणी जमवीत नाहीं. सेलूसारख्या गांवीं राहून आम्हीं ह्या चार-आठ पानी पुस्तिका अनेक वर्षें जमविल्या, व पोथ्यांच्या शेजारीं त्यांस जागा दिल्याबद्दल स्नेह्यांचा उपहासहि सोसला. लोक आपल्या भूतकाळाविषयीं काय मानतात हें कळण्यास त्यांच्यासारखें साधन दुसरें नाहीं. ह्या पुस्तिकांत देवळांतील परदेशी घडणीच्या घंटेचा प्रसंग आला कीं लेखणी ठराविक वाक्य लिहिते : ही घंटा चिमाजीअप्पांनीं वसईच्या चर्चमधून आणून देवास अर्पण केली. भीमाशंकरीं तेंच, वाईजवळ मेणवलीस तेंच, नाशकास नारोशंकराच्या देवळींहि तेंच. चर्च कोणतें, घंटेवर साल कोणतें, आणणारा कोण, आणल्याचा कागद कोठें, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाची पुस्तिकाकारास गरज वाटत नाहीं. उलट गोव्याकडे जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील 'सुवर्णघंटे'चें माहात्म्य. तिच्यांत सोनें ओतलें म्हणून तिचा नाद गोड, आणि इन्क्विझिशनच्या प्रत्येक शिक्षासमारंभास तीच वाजत असे, असें सांगतात.

विजयाची खूण म्हणून घंटेचा अभिमान बाळगण्यास आमची ना नाहीं. परंतु जिच्या अंगावर ओतीव अक्षरांत साल आहे ती वस्तु म्हणजे एक कागदच होय, व कागद न वाचतां त्याचा हवाला देणें हें संशोधन नव्हे. म्हणून ह्या दोन्ही प्रवादांची परीक्षा करण्याचें योजून गेल्या पौषांत आम्ही जुन्या गोव्यास गेलों. चर्चची घंटा तिच्या मूळ जागीं कशी असते हें पाहिल्यावांचून तिच्या देवळांतील बहिणींविषयीं लिहूं नये, असें आम्हांस वाटलें.

'से' हा पोर्तुगीज शब्द लॅटिन 'सेदेस्' ह्यापासून निघाला आहे. त्याचा अर्थ आसन किंवा पीठ, आणि आपल्या सद् धातूशीं, म्हणजे सदस्, सदन इत्यादि शब्दांशीं, त्याचें सख्खें नातें आहे. बिशपचें पीठ ज्या चर्चमध्यें तें से. अल्बुकर्कानें ता. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं गोवें घेतलें तो सेंट कॅथरीनचा सण होता. म्हणून तिच्या नांवें प्रथम एक लहान चर्च झालें, व १५३४ त त्यास पीठाची पदवी मिळाली. सध्यांच्या इमारतीस राजा दों सेबास्तियांव ह्याच्या कारकीर्दींत १५६२ त आरंभ झाला. मुख्य भाग १६१९ त उभा राहिला आणि वेद्या १६५२ त पुऱ्या झाल्या. लांबी सुमारें २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भागाची उंची ११६ फूट. भिंती जांभ्या दगडाच्या असून वर चुन्याचा गिलावा आहे. कोंकणांतील पावसापुढें जांभा उघडा ठेवून चालत नाहीं, हें तेथल्या कारागिरांस ठाऊक होतें.

बाहेरील काम टस्कन पद्धतीचें आहे, म्हणजे इटालींतील टस्कनी प्रांताच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या साध्या, जड, नक्षीविरहित खांबांचें. आंत गेल्यावर कोरिंथियन पद्धति, आणि मुख्य वेदीवर सोन्याच्या मुलाम्याचें उंच काम. बाहेरचा संयम व आंतील वैभव ह्यांतील अंतर आम्हांस फार आवडलें. दर्शनी भागाविषयीं मात्र इतर प्रवाशांशीं आमचें एकमत होत नाहीं. मुळांत दोन्ही बाजूंस दोन मनोरे होते. त्यांपैकीं एक १७७६ त कोसळला व तो पुन्हां बांधला गेला नाहीं. उरलेल्या एकट्या मनोऱ्याचें कित्येक प्रवासी कौतुक करितात व ह्या उणिवेसच सौंदर्य ठरवितात. आमच्या मतें द्वंद्वसमासांतील एक पद गळून पडावें तशी ही रचना झाली आहे. राहिलेलें पद शुद्ध असलें तरी अर्थ पुरा होत नाहीं. मनोरा पुन्हां कां बांधला नाहीं हें कळण्यास दूर जावयास नको. रोगराईनें शहर ओस पडत चाललें होतें, आणि मनोरा पडण्याच्या सतरा वर्षें आधीं, १७५९ त, व्हाइसरॉयनें आपला मुक्काम पणजीस हलविला होता. जेथें ऐकणारे उरले नाहींत तेथें दुसरा घंटामनोरा कोण उभारणार?

इटालींत घंटामनोरा पुष्कळ ठिकाणीं चर्चपासून अलग उभा असतो. पिसाचा कललेला मनोरा चित्रांतून सर्वांनीं पाहिलेला आहे. परंतु तो तेथल्या कॅथेड्रलचा घंटामनोरा होय हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. त्याचा पाया ११७३ त घातला, खालची माती मऊ निघाल्यानें तो बांधकाम चालू असतांनाच कलूं लागला, व काम चौदाव्या शतकांत कसेंबसें संपलें. फ्लॉरेन्सचा मनोरा १३३४ त जोत्तो ह्या चित्रकारानें आरंभिला, तोहि अलगच. पोर्तुगीजांनीं मात्र मनोरे दर्शनी भिंतीस जोडून घेतले, व तीच रीत गोव्यांत आली. इटालीची थेट छाया पाहावयाची असेल तर सेपासून थोड्या अंतरावर सेंट कायेतानचें चर्च पाहावें. थिआटिन पंथाचे इटालियन पाद्री पोपनें गोवळकोंड्यास धाडले होते. तेथें थारा न मिळाल्यामुळें ते गोव्यांत राहिले आणि सतराव्या शतकांत त्यांनीं रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर हें घुमटाचें चर्च बांधलें. गोवळकोंड्याच्या दरबारानें पाद्र्यांस आंत घेतलें असतें तर हा घुमट कदाचित् आमच्या बाजूस कोठें तरी उभा असता!

आपल्या देवालयरचनेंत घंटेसाठीं मनोरा नाहीं. सेलूपासून जवळच चारठाण्याचीं यादवकालीन देवळें आहेत. तेथें खांब, मंडप, कोनाडे, सर्व कांहीं पाहावें. उंचावरून नाद करण्याची योजना कोठेंहि आढळणार नाहीं. शिखर हें गर्भगृहाची खूण आहे. तें चढण्यासाठीं नसतें. मनोऱ्याशीं तुलना करण्यासारखी आपली वस्तु एकच, ती दीपमाळ. आणि ती प्रकाशानें बोलावते, नादानें नव्हे. मंगेशीची सात मजली दीपमाळ पाहतांना मात्र गोव्यांतील कारागिरांच्या डोळ्यांसमोर चर्चचे मनोरे होते ह्याविषयीं आम्हांस शंका उरली नाहीं.

ह्या भेदाचें मूळ घंटेच्या कामांत आहे. चर्चची घंटा अर्ध्या कोसावरच्या माणसास बोलावण्यासाठीं. देवळाची घंटा, आलेल्या माणसानें आपण आल्याचें देवास कळविण्यासाठीं. एक सेवेकरी वाजवितो, दुसरी ज्याची तो वाजवितो. तथापि दोहोंच्या मागची श्रद्धा वाटते तितकी भिन्न नाहीं. पूजेच्या आरंभीं घंटानाद करितांना आपण म्हणतों त्या श्लोकाचा आशय, देवांनीं यावें व राक्षसांनीं जावें, असा आहे. युरोपांतहि घंटेस अभिषेक करून संतांचें नांव ठेवीत, आणि तिच्या नादानें वादळें व पिशाच्चें पळतात अशी मध्ययुगांत समजूत होती. म्हणून फिरंगी घंटा देवळांत आली तेव्हां तिला परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

आतां सुवर्णघंटेकडे वळूं. ती सेच्या उरलेल्या मनोऱ्यांत टांगलेली असून गोव्यांतील सर्वांत मोठी घंटा म्हणून प्रसिद्ध आहे. ती १६५२ त, म्हणजे शके १५७४ च्या सुमारास, साष्टी प्रांतांतील कुंकळ्ळी येथें पेद्रो दिअस बोकारो ह्यानें ओतली, असें सांगतात. बोकारो हें तोफा ओतणाऱ्यांचें घराणें. त्याच घराण्यांतील मानुएल तावारेस बोकारो ह्याची मकाव येथील तोफांची भट्टी आशियाभर नांवाजली होती. तोफ ओतणारा हात घंटा ओतण्यास मिळावा ह्यांत नवल नाहीं, कारण दोहोंचें द्रव्य एकच, तांबें व कथील. भेद प्रमाणाचा. तोफेच्या धातूंत शंभरांत सुमारें नव्वद भाग तांबें व दहा भाग कथील असतें. घंटेंत कथील वीस-बावीस भागांपर्यंत जातें. कथील वाढलें कीं धातु कठीण व नादवान होतो, पण ठिसूळहि होतो. म्हणून तोफ ओतणारा कथिलास भितो व घंटा ओतणारा त्याच्याच भरंवशावर असतो. ह्या वाढीव कथिलाच्या मिश्रणास आपल्याकडे कांसें म्हणतात. जेवणाचें जुनें कांशाचें ताट टिचकी मारून पाहावें म्हणजे घंटेचें रहस्य घरबसल्या कळेल. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ त अहमदनगरास ओतली गेली व परांड्याहून पुढें विजापुरास नेण्यांत आली. तिच्या धातूंत कथील जवळजवळ वीस भाग निघालें. ती तोफ असूनहि हाताच्या आघातानें घंटेसारखी वाजते ह्याचें कारण हेंच.

सोन्यानें नाद वाढत नाहीं. सोनें मऊ आहे. तें जितकें घालावें तितका नाद मंदावेल. 'सुवर्ण' हें ह्या घंटेच्या नादाचें विशेषण आहे, द्रव्याचें नव्हे. 'सुवर्ण' शब्दाचा अर्थच मुळीं 'चांगल्या वर्णाचें'. आणि वर्ण म्हणजे जसा रंग तसा ध्वनिहि, हें व्याकरण शिकलेल्यास सांगावयास नको. आम्हीं तिचा नाद खालून, समोरच्या हिरवळीवरून, ऐकला. पहिल्या आघातानंतर जो खोल, लांबत जाणारा अनुनाद येतो त्यास पोर्तुगिजांनीं हें नांव दिलें तें यथार्थ आहे.

कुंकळ्ळीचा उल्लेख आल्यावर आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. देवळें पाडल्यामुळें क्षुब्ध झालेल्या ह्याच गांवच्या लोकांनीं १५८३ त पांच जेझुइट पाद्र्यांस ठार केलें, व त्याचा सूड म्हणून गांवच्या मुखत्यारांस बोलणीं करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध करण्यांत आला. त्यानंतर एकोणसत्तर वर्षांनीं त्याच भूमींत गोव्याच्या पीठाची घंटा ओतली गेली. पुस्तिकांत हा योग कोठेंहि नमूद नाहीं. तेथें सोन्याची गोष्ट पुरेशी वाटते.

इन्क्विझिशनचा प्रवाद सोन्याच्या प्रवादाहून गंभीर आहे, कारण त्याच्यांत अर्धें सत्य आहे. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० त सुरू झालें व १८१२ त कायमचें बंद पडलें. घंटा १६५२ ची. तेव्हां पहिलीं ब्याण्णव वर्षें ही घंटा वाजणें अशक्य. 'प्रत्येक' समारंभास ती वाजली असें लिहिणारानें दोन सालांची वजाबाकीहि केलेली नाहीं. उलटपक्षीं, दमणास पकडला गेलेला फ्रेंच वैद्य देल्लों ह्यानें १६८७ त छापलेल्या आपल्या वृत्तांतांत जानेवारी १६७६ मधील शिक्षासमारंभाचें वर्णन केलें आहे. त्या दिवशीं सूर्योदयाच्या किंचित् आधीं कॅथेड्रलची मोठी घंटा वाजूं लागली, व लोकांनीं समारंभास जमावें ह्याची ती खूण होती, असें तो सांगतो. तो स्वतः त्या मिरवणुकींत शिक्षापात्र म्हणून उभा होता. घंटा ओतल्यास तेव्हां चोवीस वर्षें झालीं होतीं. त्यानें ऐकलेली 'मोठी घंटा' ती हीच, हें अनुमान आम्हांस सबळ वाटतें. एवढा प्रत्यक्षदर्शी पुरावा हाताशीं असतां अतिशयोक्तीचा आश्रय कां करावा? जो भाग खरा आहे तोच अंगावर कांटा आणण्यास पुरे आहे.

आतां वसई. ज्या तीन घंटांचीं नांवें आरंभीं घेतलीं त्यांवरील सालें अशीं : मेणवली १७०७, नाशिक १७२१, भीमाशंकर १७२९, म्हणजे अनुक्रमें शके १६२९, १६४३ व १६५१ च्या सुमारच्या. वसई पडली मे १७३९ त. तिन्ही सालें त्यापूर्वीचीं आहेत, म्हणून घंटा वसईच्या, असा युक्तिवाद केला जातो. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु व्यभिचारी आहे. तो साध्याच्या बाहेरहि आढळतो. सालावरून एवढेंच ठरतें कीं घंटा वसईची असण्यास अडचण नाहीं. ठाणें व साष्टी बेट मराठ्यांनीं १७३७ तच घेतलें. तारापूर वगैरे उत्तरेकडील ठाणीं १७३९ च्या आरंभीं पडलीं. त्याच वर्षीं इचलकरंजीकर व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टींत शिरले व मडगांव त्यांनीं घेतलें. चौल-रेवदंडा १७४० च्या तहानें मिळालें. ह्या सर्व मुलखांत चर्चें होतीं व चर्चांत घंटा होत्या. संभाजीमहाराजांची १६८३ ची गोव्यावरील स्वारी तेवढी ह्या तिन्ही घंटांच्या बाबतींत सालांवरूनच बाद होते. बाकीचे मार्ग मोकळे आहेत.

याहूनहि मोठी अडचण अर्पण करणारासंबंधीं आहे. चिमाजीअप्पा १७४० च्या अखेरीस वारले. नारोशंकरांचें रामेश्वराचें देऊळ १७४७ त बांधलें गेलें. मेणवलीचा घाट व वाडा नाना फडणवीसांचे, आणि नानांचा जन्मच १७४२ चा! जें देऊळ झालें नव्हतें त्यास, व जो घाट बांधणारा जन्मास आला नव्हता त्याच्या घाटावर, चिमाजीअप्पांनीं घंटा कशी अर्पण केली, हें पुस्तिकाकारांनीं सांगावें. ह्या दोन ठिकाणीं तरी 'चिमाजीअप्पांनीं अर्पण केली' हें वाक्य अक्षरशः खरें असूं शकत नाहीं. भीमाशंकराचें क्षेत्र पुरातन असल्यामुळें तेथें हा दोष येत नाहीं. पण म्हणून तेथें पुरावा मिळाला असेंहि होत नाहीं.

आमचें म्हणणें घंटा लुटींतल्या नाहींत असें मुळींच नाहीं. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बाळ येशू ह्यांची आकृति आहे. ती कोणा चर्चमधूनच आली. प्रश्न मधल्या काळाचा आहे. नाशिकची घंटा वसईची मानली तर १७३९ पासून १७४७ पर्यंत ती होती कोठें? मेणवलीची त्याहूनहि दीर्घ काळ कोणाच्या कोठारांत होती? घंटा नानांस कोणीं दिली, सरकारांतून मिळाली कीं त्यांनीं विकत घेतली? आणि ज्या घंटा देवळांपर्यंत पोंचल्याच नाहींत त्यांचें काय झालें? कांशांत तांबें मिळविलें कीं तोफेचा धातु होतो हें वर सांगितलेंच आहे. तोफखान्याच्या भट्टीस ह्या घंटा अनमोल होत्या. भट्टींत गेलेल्यांची संख्या देवळांत गेलेल्यांहून मोठी असावी, असा आमचा तर्क आहे.

घंटेचें स्थलांतर ही कांहीं मराठ्यांचीच रीत नव्हे, हें दाखविण्यास जुन्या गोव्यांतीलच एक उदाहरण पुरे. तेथल्या टेंकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा सुमारें १५० फूट उंचीचा मनोरा भग्नावस्थेंत उभा आहे. पोर्तुगीज सरकारनें १८३५ त धर्मपंथांस हांकून लावल्यावर चर्च ओस पडलें, १८४२ त छत कोसळलें, व १९३१ त दर्शनी भागहि ढांसळला. त्या मनोऱ्यांतील घंटा प्रथम आग्वादच्या किल्ल्यावरील दीपगृहांत नेली, आणि १८७१ त पणजीच्या चर्चवर चढविली. तेथें ती आजहि वाजते. वजन दोन टनांहून अधिक. देवाची घंटा तीस वर्षें गलबतांच्या चाकरीस होती. परंतु ह्या प्रवासाचें प्रत्येक पाऊल सालासह ठाऊक आहे, आणि आमच्या घंटांचें एकहि नाहीं. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं गोव्याचें पोर्तुगीज दप्तर उघडून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास कागदांवर उभा केला. घंटांचा इतिहास त्या रीतीनें अद्याप कोणीं हातीं घेतलेला दिसत नाहीं.

नारोशंकराच्या घंटेविषयीं एक शब्द अधिक. तिन्हींत चर्चच्या रीतीस जवळची ती हीच, कारण ती महाद्वारावर उंच टांगलेली आहे. मोठ्यानें बोलणाऱ्यास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघात तिच्या नादाची साक्ष देतो. जी गोदावरी पुढें पाथरी-गंगाखेडाकडून आमच्या जिल्ह्यांतून वाहते तिच्याच कांठीं ही घंटा आहे, एवढ्यानेंहि आम्हांस तिच्याविषयीं आपुलकी वाटते.

संग्राहकांस विनंति अशी. आपल्या परिसरांतील देवळांत ओतीव, उलट्या पेल्याच्या आकाराची, रुंद ओठाची जुनी घंटा असेल तर तिची नोंद करावी. ओठाचा व्यास व ओठाजवळची जाडी मोजावी. पायऱ्यांवर उभा क्रूस, मेरीची आकृति किंवा जेझुइटांचीं आय. एच. एस. हीं तीन अक्षरें आहेत काय तें पाहावें. भोंवतीं फिरणाऱ्या पट्ट्यांतील सर्व अक्षरांचा पातळ कागद लावून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा. चुना, तेल किंवा आम्ल लावून घंटा उजळूं नये. घंटेवर रंग चढविण्याची जी नवी हौस दिसते तिच्यांत अक्षरें बुजतात, व बुजलेलीं अक्षरें खरवडून काढूं गेल्यास धातूसह जातात. संताचें नांव मिळालें तर चर्च ओळखण्याचा मार्ग खुला होतो, कारण घंटेवर बहुधा त्याच चर्चच्या संताचें नांव असतें.

कागदांच्या बाजूनें पाहतां, पेशवे दप्तरांतील जामदारखान्याच्या व तोफखान्याच्या जमाखर्चांत शके १६५९ ते १६६९ ह्या दहा वर्षांत 'घंटा', 'कांसें', 'फिरंगी जिन्नस' अशा नोंदी शोधाव्या. मेणवलीपुरतें बोलावयाचें तर काम अधिक सोपें आहे. रावबहादुर पारसनीसांनीं जतन केलेलें नानांचें मेणवली दप्तर उपलब्ध आहे. त्यांतील घाटाच्या बांधकामाच्या खर्चाच्या याद्या प्रथम पाहाव्या, आणि घंटा टांगणाऱ्या गवंड्याची व सुताराची मजुरी कोणत्या सालीं पडली आहे तें काढावें.